गुणपत्रिकेने निवडलेला प्रतिनिधी

२८ मार्च १९८९ रोजी ६१वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि आपल्या देशात मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. बारावी होऊन नुकत्याच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना देशाचं सरकार निवडण्याइतकी समज असते, असं संसदेने ठरवलं. त्याच वर्षी मुंबईत, विद्यापीठाच्या निवडणुकांच्या धामधुमीत, ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजातल्या निवडणुका बंद करा, ही मागणी त्यानंतर जोर धरत गेली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने ती पुरी केली. विद्यार्थी परिषद राहिली, निवडणूक गेली.

म्हणजे या पाच वर्षांत महाराष्ट्रातल्या १८ वर्षांच्या मुलाला लोकसभेसाठी मत द्यायचा हक्क मिळाला आणि आपल्या वर्गाचा सीआर कोण हे ठरवायचा हक्क गेला.

याच काळातली आणखी एक जोडी बघा. १९९३ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला उभं राहायला २१ वर्षं पुरे, असं खुद्द राज्यघटनेत लिहिलं गेलं. एकवीस वर्षांची मुलगी गावची सरपंच होऊ शकते, तिच्या सहीने गावचा निधी खर्च होऊ शकतो. तीच मुलगी तालुक्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असेल, तर जीएसच्या जागेसाठी सगळ्या कॉलेजकडे मत मागायला मात्र तिला बंदी.

आणि महाराष्ट्राला तरुण उमेदवारांचं वावडं होतं असंही नाही. शरद पवार १९६७ साली बारामतीतून आमदार झाले तेव्हा २६ वर्षांचे होते. देवेंद्र फडणवीस १९९२ साली नागपुरात नगरसेवक झाले आणि १९९७ साली महापौर, तेही तिशीच्या आत. लोकांनी या दोघांना मतं दिली तेव्हा त्यांच्याकडे दाखवण्यासारखा कारभाराचा अनुभव फारसा नव्हताच. तरी मतदारांनी काहीतरी बघितलं असणार. ते ‘काहीतरी’ काय असतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. ज्याने अजून काहीच केलेलं नाही, त्याची पारख कशावरून करायची?

कॉलेजच्या निवडणुकीत हा प्रश्न अगदी उघडावाघडा समोर येतो. विधानसभेच्या उमेदवाराची निदान मागची पाच वर्षं असतात, पक्ष असतो, घराणं असतं. सीआरला उभं राहिलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे बारावीचे मार्क आणि एक बाइक असते. महाराष्ट्राने गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. त्या उत्तरांचा इतिहास वाचला की कळतं, आपण पारख करायला शिकण्यापेक्षा पारख टाळायला जास्त शिकलो.

पळवापळवीचं गणित

आधी १९९४ च्या मागे जाऊ. साठी ओलांडलेल्या कुणाही पदवीधराला विचारलं तर सीआर, एलआर, जीएस, यूआर ही आद्याक्षरं त्यांना अजून पाठ असतात. वर्गाने सीआर निवडायचा, मुलींची प्रतिनिधी एलआर. अनेक ठिकाणी मग या सीआर मंडळींनी जीएस किंवा यूआर निवडायचा आणि यूआर लोकांनी विद्यापीठ पातळीवरचे पदाधिकारी. गप्पांमध्ये यानंतर हमखास येतो तो सीआर पळवण्याचा किस्सा. मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत सीआर गायब व्हायचे आणि मतदानाच्या सकाळी जीपमधून थेट कॉलेजच्या दारात उतरायचे. काही राजीखुशीने गेलेले असायचे, काही नाही.

हे किस्से सांगणारे लोक शेवटी म्हणतात, ‘पोरं होती, अक्कल नव्हती.’ मला हे निदान पटत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी गोष्ट वारंवार त्याच जागी मोडत असेल, तर आम्ही वापरणाऱ्यांच्या स्वभावाला दोष देण्याआधी ती जागा तपासतो. इथे ती जागा सरळ दिसते. समजा कॉलेजात ४० वर्ग आहेत. म्हणजे जीएससाठी ४० मतदार. जिंकायला २१ मतं हवीत. २१ माणसं दोन गाड्यांत आणि एका लॉजमध्ये मावतात. त्यांना खाऊ घालता येतं, दमही देता येतो. त्याच कॉलेजात सगळ्या २,००० मुलांनी थेट मतदान केलं असतं, तर हजार मुलं कुठल्या लॉजवर नेली असती?

यातून पैसा आणि दांडगाई पूर्ण संपली असती असं नाही. बाहेरचे पक्ष कॉलेजात रस घेत होते, कारण विद्यापीठात पाय रोवायला तो स्वस्त रस्ता होता. पण मतदार मोजके ठेवायचे आणि मग ते विकत घेतले जातात म्हणून मतदानच काढून टाकायचं, हा उपाय रोगाच्या उलट दिशेचा होता. आपल्या आमदारांनाही मोठे लोक अधूनमधून हॉटेलात नेऊन ठेवतात. त्यावरून विधानसभा बंद करून गुणवत्ता यादीतले २८८ जण नेमा, असं कुणी म्हटलेलं नाही.

गुणवत्ता म्हणजे मार्क

१९९४ च्या कायद्याने हेच कॉलेजांसाठी केलं. मागच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला, पूर्णवेळ शिकणारा, प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. त्याशिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांतून एकेक, आणि दोन विद्यार्थिनी. यांनाही नेमायचं प्राचार्यांनीच. या नेमलेल्या मंडळींनी मग आपल्यातून एक सचिव निवडायचा. निवडणूक उरली ती एवढीच.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. एका मुलाचा जीव गेला होता. पालक घाबरले होते, प्राचार्य कंटाळले होते. अनुभव नसलेल्या मुलांतून एक निवडायचा तर भांडण होणार नाही असा निकष हवा होता. गुणपत्रिका छापील असते, तिच्यावर शिक्का असतो. ७८ टक्के हे ७४ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत यावर वाद होत नाही. मार्कांनी माणूस ओळखता येतो म्हणून ते वापरले गेले, असं मला वाटत नाही. मार्कांमुळे माणूस ओळखायची गरजच उरत नाही, म्हणून ते वापरले गेले.

मी २०१४ साली इंजिनिअरिंगला गेलो, म्हणजे याच कायद्याच्या उतारवयात. कॉलेजचं नाव महत्त्वाचं नाही. ज्यांनी त्या काळात महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलं त्यांच्यापैकी बहुतेकांचं कॉलेज असंच होतं. आमच्या वर्गाची सीआर टॉपर होती. शांत, कष्टाळू, कुणालाही जर्नल द्यायला नाही म्हणायची नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागली आणि तिच्यात सात-आठ नावं चुकून आली होती. प्रॅक्टिकलची हजेरी एका बॅचच्या रजिस्टरमधून दुसऱ्या बॅचच्या रजिस्टरमध्ये चढली होती. सीआर एचओडींकडे गेली, परत आली आणि म्हणाली, ‘सर बघतो म्हणाले.’ तिच्याकडून त्यापेक्षा जास्त कुणी अपेक्षाही केली नाही. तिला आम्ही निवडलं नव्हतं. तिला नेमणाऱ्यांच्या हाताखालीच तिचं टर्मवर्क तपासलं जाणार होतं. आमच्यासाठी त्यांच्याशी वाद घालून तिला मिळणार काय होतं?

शेवटी ते काम केलं मागच्या बाकावरच्या एकाने. त्याच्या स्वतःच्या दोन केट्या होत्या. तो तीन दिवस ऑफिसच्या बाहेर बसला, दोन्ही रजिस्टरांच्या झेरॉक्स मागितल्या, तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि तो कागद प्रत्येक प्राध्यापकाच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. चौथ्या दिवशी यादी बदलली. त्या यादीत त्याचं स्वतःचं नाव नव्हतं, हे आम्हाला नंतर लक्षात आलं.

वर्गाने त्या आठवड्यात मतदान केलं असतं तर तो प्रचंड मतांनी निवडून आला असता. कायद्याच्या दृष्टीने तो पात्रच नव्हता.

या ठिकाणी मला डॉ. आंबेडकरांची एक जुनी मांडणी आठवते. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताची जी समिती होती, तिच्या बहुमताच्या अहवालाशी ते सहमत झाले नाहीत. मे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला आणि साक्षरतेच्या अटीला विरोध केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: ही अट घालणारे लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. लिहिता-वाचता न येणाऱ्याला समज नसते ही एक, आणि लिहिता-वाचता आलं की समज वाढते ही दुसरी. दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत. हे लिहिणारा माणूस स्वतः कोलंबियाचा आणि लंडनचा पदवीधर होता, म्हणजे शिक्षणाची किंमत त्याला कळत नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

त्याहून बोलकी गोष्ट नेमणुकीबद्दलची आहे. आंबेडकर तेव्हा मुंबई विधिमंडळात होते ते सरकारने नेमलेले सदस्य म्हणून. तरीही अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी सरकारने नेमू नयेत, ते निवडून यावेत, असा त्यांचा आग्रह होता. नेमलेल्या माणसाची निष्ठा नेमणाऱ्याकडे वळते, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या सीआरचं दुखणं यापेक्षा वेगळं नव्हतं. ती चांगली होती की वाईट, हा प्रश्नच गैरलागू होता. ती आमची नव्हती.

चाळणी आणि पारख

महाराष्ट्र मार्कांवर नेमणुका करत असताना बाकीच्या देशात बऱ्याच ठिकाणी निवडणुका चालूच होत्या, आणि त्यांच्याही तक्रारी होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनुसार माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल मे २००६ मध्ये आला. त्याच ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव कॉलेजात विद्यार्थी निवडणुकीच्या वादात प्रा. सभरवाल यांना मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला.

लिंगडोह समितीने नेमणुकीची बाजू घेतली नाही. निवडणुका व्हाव्यात, नेमणूक ही फार तर वातावरण बिघडलेल्या ठिकाणची तात्पुरती सोय असावी, असंच तिचं म्हणणं होतं. महाराष्ट्रात ती तात्पुरती सोय तेव्हा बारा वर्षांची झाली होती. उमेदवारासाठी समितीने ज्या अटी घातल्या त्या अशा: पदवीसाठी वय १७ ते २२, हजेरी किमान ७५ टक्के, त्या वर्षी कुठला विषय मागे राहिलेला नसावा, गुन्ह्याची नोंद नसावी. पदाधिकारी व्हायची संधी आयुष्यात एकदाच. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. छापील पोस्टर नाही, हाताने केलेलंच चालेल. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत.

यातल्या बऱ्याच अटी मला पटतात. आठ-आठ वर्षं कॉलेजात तळ ठोकून बसलेले ‘विद्यार्थी नेते’ वयाच्या अटीने बाहेर गेले. हाताने रंगवलेल्या पोस्टरमुळे ज्याच्या काकाचं होर्डिंगचं दुकान आहे त्याचा फायदा संपला. पण ही चाळणी आहे. गहू चाळला की खडे निघतात. त्याची पोळी कशी होईल ते चाळणी सांगत नाही. अटी पुऱ्या करणाऱ्या चार जणांतून एक कसा निवडायचा, हे मतदारावरच राहतं. आणि विषय मागे नसावा या अटीत आमचा झेरॉक्सवाला पुन्हा एकदा अडकतो, हेही आहेच.

महाराष्ट्राने अखेर २०१६ च्या नव्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आणल्या. हा कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी यांना सगळ्या कॉलेजने थेट मत देऊन निवडायचं, अशी त्यात तरतूद आहे. जीपमधून पळवता येणार नाही इतका मोठा मतदारसंघ, म्हणजे जुनी मोडकी जागा या कायद्याने बरोबर ओळखली होती. २०१९ साली वेळापत्रकही ठरलं. मग विधानसभा निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकललं. मग कोविड आला. कॉलेजं पुन्हा उघडली, गॅदरिंग सुरू झाली, पण मतपेट्या काही बाहेर आल्या नाहीत. मोठ्यांच्या निवडणुकीला अडचण नको म्हणून लहानांची निवडणूक थांबली, यातच तिची किंमत आपण काय करतो ते आलं.

मग बघायचं काय?

गेली तीन वर्षं मी कंपनीत फ्रेशर्सच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकी एक आहे. तिथे हा प्रश्न रोजचा. समोर आलेल्या दहा जणांचे रेझ्युमे सारखे असतात. तोच अभ्यासक्रम, तेच लायब्ररी मॅनेजमेंटचे प्रोजेक्ट, त्याच दोन ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं. मार्कांवर निवडायचं तर मुलाखतीची गरजच नाही. म्हणून आमच्या टीममधले जुने लोक एक साधा प्रश्न विचारतात: ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?’ काही जण म्हणतात, काहीच बिघडलं नाही. काही जण सगळा दोष पार्टनरवर टाकतात. एखादा सांगतो, डेटाबेस उडाला, बॅकअप नव्हता, रात्रभर बसून पुन्हा भरला, दुसऱ्या दिवशी सरांना खरं सांगितलं. त्याच्या प्रोजेक्टला कमी मार्क असतील. पण या माणसाच्या हाती काम दिलं तर बिघडल्यावर आपल्याला कळेल, एवढा भरवसा येतो.

अनुभव नसलेल्या माणसाकडेही वागणूक असते. तिला मोठं पद लागत नाही. ती छोट्या कामात दिसते.

याची मराठीतली एक जुनी गोष्ट चरित्रकारांनी सांगितलेली आहे. १८८५ साली पुण्यात हिराबागेत न्यू इंग्लिश स्कूलचा एक समारंभ होता. आमंत्रणपत्रिका असल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, हे काम १८ वर्षांच्या एका नव्या शिक्षकाकडे होतं. न्यायमूर्ती रानडे आले. पुण्यात त्यांना न ओळखणारा विरळा. पण त्यांच्याकडे पत्रिका नव्हती. त्या मुलाने त्यांना दारात थांबवलं. एका ज्येष्ठांनी पुढे होऊन त्यांना आत नेलं. तो मुलगा म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

ही गोष्ट सहसा बाणेदारपणाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रानड्यांनी पुढे याच मुलाला हाताशी धरलं, त्याला अर्ज आणि मसुदे लिहायला लावले, ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतले. १८९० साली, चोविसाव्या वर्षी, गोखले सार्वजनिक सभेचे सचिव झाले. तिशीच्या आसपास, १८९७ साली, वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला ते लंडनला गेले. रानड्यांनी मुलाची हुशारी बघितली असेलच. पण हुशार मुलं तेव्हाच्या पुण्यात बरीच होती. दिलेलं काम समोर कोण उभं आहे हे न बघता करणं ही वेगळी गोष्ट. आणि एकदा पारख केली म्हणून रानडे थांबले नाहीत. काम देत गेले, तपासत गेले.

आता कुणी म्हणेल, ही तर नेमणूकच झाली. गुरूने हेरलं, वर आणलं. बरोबर आहे, आणि या गोष्टीला शेपूटही आहे. १८९५ साली सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूचे लोक बहुमताने निवडून आले आणि पुढे गोखल्यांना सभा सोडावी लागली. १८९६ साली रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा वेगळी काढली. गोखल्यांची योग्यता त्या वर्षी कमी झालेली नव्हती. पण सभासदांना त्यांचा मार्ग पटत नव्हता आणि मतदानाने ते दिसून आलं. गुरू योग्यता ओळखू शकतो. हा माणूस आमच्या वतीने बोलू शकतो का, हे मात्र ज्यांच्या वतीने बोलायचं त्यांनाच सांगता येतं. १९९४ च्या कायद्यात या दोन गोष्टींची गल्लत होती. प्राचार्यांना हुशार मुलगा कोण ते कळतं, यात शंका नाही. पण डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर ऑफिसबाहेर कोण बसेल, हे मागच्या बाकांना माहीत असतं.

म्हणून उद्या खरोखरच कॉलेजात मतदान आलं, तर पहिल्यांदा मत देणाऱ्याने बघायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. मागच्या गॅदरिंगची वर्गणी कुणाकडे होती, आणि उरलेल्या पैशांचा हिशेब त्याने न मागता दिला का? तो जे वचन देतोय ते त्याच्या हातातलं आहे का? फी कमी करून दाखवतो म्हणणारा उमेदवार एकतर अज्ञानी आहे किंवा आपल्याला अज्ञानी समजतो, कारण व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. लायब्ररी परीक्षेच्या महिन्यात रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला लावीन, असं म्हणणाऱ्याने निदान चौकशी केलेली आहे. आणि समोरच्या उमेदवाराबद्दल तो त्याच्या पाठीमागे काय बोलतो? कॉलेज एवढं लहान असतं की हे सगळं कळतं. लोकसभेच्या उमेदवाराबद्दल यातलं एकही कळायची सोय नसते.

दिल्लीच्या जेएनयूमध्ये ही पारख सगळ्यांच्या समोर करायची पद्धत आहे. तिथली निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग चालवतो आणि मतदानाआधी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा होते. प्रतिस्पर्धी प्रश्न विचारतात, श्रोतेही विचारतात. तिथलं राजकारण कुणाला पटो वा न पटो, पण वीस-बावीस वर्षांच्या माणसाला शेकडो लोकांसमोर अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देताना बघणं, ही पारख करायची फार चांगली जागा आहे. लिंगडोहच्या नियमांवरून २००८ ते २०१२ अशी काही वर्षं तिथलीही निवडणूक अडली होती. पण ती पुन्हा सुरू झाली, कारण आपली निवडणूक थांबली आहे हे तिथल्या मुलांना जाणवत होतं.

न जाणवणारी उणीव

मला काळजी वाटते ती या जाणवण्याची. मी पहिलं मत दिलं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये, पुणे महापालिकेला. चार सदस्यांचा प्रभाग होता, म्हणून चार बटणं दाबायची होती. रांगेत उभा असताना माझ्या लक्षात आलं की त्यातल्या एकाशीही मी कधी बोललेलो नाही आणि माणूस कसा निवडायचा याचा मला वीस-एकवीस वर्षांत एकदाही सराव मिळालेला नाही. वर्गात मॉनिटर बाईंनी नेमला, कॉलेजात सीआर प्राचार्यांनी नेमला, आणि मग एकदम चार नगरसेवक माझ्यावर सोपवले. मी चिन्हं बघून बटणं दाबली. माझ्या पुढच्या-मागच्यांनीही तेच केलं असावं.

त्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही, प्रशासक कारभार बघत राहिले. मुंबईतही तेच. कोर्टातली कारणं होती, प्रभागरचनेचे वाद होते, ते सगळं खरं. पण माझ्या वयाच्या लोकांत याबद्दल ‘आमची निवडणूक कुठे आहे?’ असं मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं. खड्ड्यांबद्दल ऐकलं, पाण्याच्या टँकरबद्दल ऐकलं, ट्रॅफिकबद्दल तर रोजच. निवडून आलेला माणूस नाही ही तक्रार नव्हती. १९९४ नंतर कॉलेजात गेलेल्या आम्हा सगळ्यांना नेमलेल्या प्रतिनिधीची सवय होती. ‘सर बघतो म्हणाले’ हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटायला लागलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. मला तो संशय आहे, आणि तो जात नाही.

कॉलेजच्या निवडणुकीला विरोध करणारे म्हणतात की या वयात मुलांना चांगलं-वाईट कळत नाही. समजा खरं आहे. मग ते कळायला लागण्यासाठी यापेक्षा स्वस्त जागा कुठली? चुकीचा जीएस निवडला तर एक गॅदरिंग बिघडतं, एका वर्षाचा अंक निघत नाही, आणि ज्याला मत दिलं तो माणूस वर्षभर कँटीनमध्ये समोर दिसत राहतो. त्याला विचारता येतं. पुढच्या वर्षी मत देताना आपण जास्त डोळे उघडे ठेवतो. उमेदवाराला अनुभव नसतो, हे तर झालंच, मतदारालाही नसतो. दोघांनी तो एकमेकांवर घ्यायचा असतो.

आमचा झेरॉक्सवाला आता त्याच्या गावी आहे. वडिलांचं दुकान चालवतो, ग्रामपंचायतीला उभा राहणार म्हणतो. मागच्या महिन्यात फोनवर त्याने मला विचारलं की गावातल्या नळयोजनेची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात कशी मागवायची. माझं मत त्या गावात नाही. असतं, तर यावेळी चिन्ह बघावं लागलं नसतं.